विषुववृत्ताखालचे खोल प्रवाह आणि समुद्राच्या आतल्या लाटा: नेहमी येणारे प्रश्न

मी नागपूरचा. समुद्र कुठल्याही बाजूनं धरला तरी आपल्यापासून पाचशे किलोमीटरच्या पुढंच, पण लोक समुद्राचे प्रश्न मलाच पाठवून राहतात, कारण एम.एस्सी. झाल्यावर एका प्रोजेक्टमध्ये तीनेक आठवडे मी रिसर्च जहाजावर होतो आणि तिथून आणलेला एक चेपलेला थर्माकोलचा कप अजून ट्यूशनच्या टेबलावर पडलेला असतो. पोरं तो हातात घेतात आणि तिथून गाडी सुरू होते. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे इथं लिहून टाकले, थोडे सोपे आधी, डोकं खाणारे नंतर.

समुद्राच्या आतल्या लाटा म्हणजे काय बावा? लाट तर वरच असते ना?

सावजीच्या वाटीकडे बघा. वर तर्री, खाली रस्सा. वाटी टेबलावर हळूच सरकवली तर तर्रीचा वरचा भाग जवळजवळ सपाट राहतो, पण तर्री आणि रस्सा जिथं भेटतात तिथं मात्र एक आळशी लाट वाटीभर फिरते. समुद्रात असंच, फक्त तेल नाही. वर कोमट हलकं पाणी, खाली थंड जड पाणी, आणि मध्ये जिथं तापमान भराभर उतरतं तो थर्मोक्लाईन.

आता फरक किती, तर वरचं पाणी घनमीटरला साधारण १०२२ किलो आणि खोलवरचं, दाबाचा हिशोब बाजूला ठेवून, १०२८ च्या आसपास. एक टक्काही नाही. म्हणजे खालचं पाणी वर उचललं तर त्याला परत खाली ओढणारा जोर फारच कमी. हवा आणि पाणी यांच्यातली लाट उंच करायला वारा दमतो, पण इथं पाण्यातच पाणी उचलायचं, तर थोड्याशा धक्क्यात दहा-वीस मीटर सहज, आणि फिलिपाइन्स-तैवानच्या मधल्या लुझॉन सामुद्रधुनीतून निघणाऱ्या लाटा तर दोनशे मीटरच्या वर जातात. उंची भरपूर पण चाल मंद. आणि वर पृष्ठभागावर त्याचा उठाव काही सेंटीमीटरचा, त्यामुळं होडीतल्या माणसाला पत्ताच लागत नाही.

मग दिसत नसेल तर आहे हे कळलं कसं?

पृष्ठभाग उचलला जात नसला तरी वरचं पाणी कुठं दाबलं जातं कुठं ताणलं जातं, त्यामुळं खरखरीत आणि गुळगुळीत असे लांब पट्टे दिसतात. आपल्या अंदमान समुद्रात हे पट्टे इतके ठळक आहेत की १९७५ च्या अपोलो-सोयुझ मोहिमेत अंतराळातून त्यांचे फोटो निघाले. त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे नॉर्वेचा ध्रुवप्रवासी नान्सेन याची, १८९३ मध्ये त्याचं 'फ्राम' जहाज आर्क्टिककडे जाताना वितळलेल्या गोड पाण्याच्या पातळ थरात असं काही अडकलं की इंजिन चालू आणि जहाज हलेना. जहाजाची सगळी ताकद खालच्या थरात लाट उठवण्यात जाऊन राहिली होती. पुढं स्वीडनच्या एकमन या शास्त्रज्ञानं टाकीत प्रयोग करून १९०४ मध्ये ते सिद्ध केलं.

त्सुनामी पण खोल पाण्यातली लाट, मग तीच ना ही?

नाही. त्सुनामीत वरपासून तळापर्यंत सगळं पाणी एकदम हलतं आणि ती खोल समुद्रात विमानाच्या वेगानं जाते. आतली लाट थरांच्या फरकावर जगते, पाणी वरून खालपर्यंत एकसारखं असेल तर ती नाहीच. वेगाचा आकडा खाली हिशोबाच्या प्रश्नात येतो, तो बघून हसाल.

विषुववृत्तच काहून? बाकी समुद्रात या लाटा नाहीत का?

आहेत, सगळीकडे आहेत. पण पृथ्वी फिरते त्यामुळं प्रत्येक अक्षांशावर एक मर्यादा आहे, यापेक्षा हळू झुलणारी आतली लाट तिथं मोकळी फिरू शकत नाही. ही मर्यादा १२ तास भागिले अक्षांशाचा साईन अशी काढतात. आपल्याच अक्षांशावर, म्हणजे सुरतेच्या पश्चिमेला अरबी समुद्रात, ती येते साधारण ३३ तास. ५ अंशावर पावणेसहा दिवस. २ अंशावर चौदा दिवस. आणि विषुववृत्तावर साईन शून्य, म्हणजे मर्यादाच उडाली! तिथं आठवड्यांची, महिन्यांची, अगदी वर्षांची आतली लाट पण चालते. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली हीच आहे, बाकी सगळं यातून निघतं.

दुसरी गोष्ट, विषुववृत्त हे लाटांसाठी पाटासारखं काम करतं, शेतातला पाट, त्यात पाणी सोडलं की बाहेर जात नाही तसं. उत्तर गोलार्धात वाहतं पाणी उजवीकडे वळतं, दक्षिणेत डावीकडे. आता पूर्वेकडे जाणारं पाणी जरा उत्तरेला भरकटलं तर उजवीकडे वळणार म्हणजे परत विषुववृत्ताकडे, दक्षिणेला भरकटलं तर डावीकडे, तेही विषुववृत्ताकडेच. सुटका नाही. पूर्वेला धावणारी केल्विन लाट अशीच अडकलेली असते. तिच्यासोबत पश्चिमेला जाणाऱ्या रॉस्बी लाटा आणि या दोघांच्या मधली यानाई लाट, हे सगळं कुटुंब जपानच्या तारो मात्सुनोंनी १९६६ मध्ये एकाच समीकरणसंचातून काढून दाखवलं. यानाईचं नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तिथं खोलात प्रवाह नेमके कसे आहेत?

इथं मला जरा थांबू द्या कारण हे मी डोळ्यांनी बघितलंय. पाठ्यपुस्तकात चित्र काय असतं, वर वाऱ्यानं ढकललेले प्रवाह आणि खोल पाणी मुकाट्यानं हळूहळू सरकतंय. विषुववृत्तावर आम्ही प्रवाहाचा वेग मोजणारं यंत्र खाली सोडलं, सेकंदाला जेमतेम मीटरभर वेगानं, म्हणजे साडेतीन हजार मीटर जायला तास आणि वर यायला तास, रात्रीचे अडीच, विंचच्या आवाजात चहा पण हादरत होता. वर आल्यावर कॉम्प्युटरवर वेगाचं चित्र उघडलं तर त्यात पट्टेच पट्टे. पूर्व, पश्चिम, पूर्व, पश्चिम, काहीशे मीटरला दिशा पालटलेली. पोळ्यांची चवड असते ना, एक पोळी इकडं ओढतेय तर तिच्याखालची तिकडं.

यांना इक्वेटोरियल डीप जेट म्हणतात. साधारण ५०० ते २००० मीटर आणि त्याखालीही, वेग सेकंदाला १० ते २० सेंटीमीटर, आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना एक-दीड अंशातच, त्यापुढं गेलं की गायब. पहिल्यांदा हे नीट दाखवलं लायटन आणि स्वॅलो या दोघांनी, १९७६ मध्ये, आणि तेही आपल्या हिंद महासागरात! नंतर पॅसिफिक आणि अटलांटिकमध्येही सापडले. याशिवाय हजार मीटरच्या आसपास एकाला एक लागून उत्तर-दक्षिण मांडलेले आलटून पालटून प्रवाह आहेत ते वेगळे, हे एकावर एक तर ते एकाशेजारी एक. दोन्ही एकमेकांत मिसळून लिहिलेलं बरंच वाचायला मिळतं, सांभाळा.

शाळेत इक्वेटोरियल अंडरकरंट शिकलो होतो, तोच का हा?

नाही. तो खूप वर, साधारण १०० ते २०० मीटरवर, आणि दणकट, पॅसिफिकमध्ये सेकंदाला एक मीटरच्या आसपास वाहतो. १९५२ मध्ये टाऊनसेंड क्रॉमवेल आणि त्याच्या सोबत्यांना टूना माशांच्या खोल सोडलेल्या दोऱ्या वरच्या प्रवाहाच्या उलट पूर्वेकडे ओढल्या जाताना दिसल्या तेव्हा तो लक्षात आला. तो वाऱ्यानं पश्चिमेला साठवलेल्या पाण्याच्या दाबामुळं चालतो. आपल्याकडे वारेच ऋतूनुसार पालटतात त्यामुळं हिंद महासागरात हा अंडरकरंट बारमाही नाही, मुख्यतः हिवाळा सरताना ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला दिसतो. खालची चवड याच्यापासून वेगळी.

ठीक आहे, पण आतल्या लाटा आणि हे खोल जेट यांचा संबंध काय?

दोन संबंध आहेत आणि लोक एकच सांगून मोकळे होतात.

पहिला, जेट म्हणजे स्वतःच एक आतली लाट आहे, अतिशय आळशी. अटलांटिकमध्ये एकाच खोलीवर वर्षानुवर्षं मोजत बसलं तर पूर्वेकडचा प्रवाह पश्चिमेकडचा होतो आणि परत पूर्वेकडचा, हा फेरा साडेचार वर्षांचा. हिंद महासागरात सुमारे पाच, पॅसिफिकमध्ये बारा. आता एखाद्याला सुट्टीत समुद्राचा प्रवाह मोजायला पाठवलं आणि त्यानं परत येऊन सांगितलं की तिथं पूर्वेला वाहणारी नदी आहे, तर तो खोटं बोलत नाही, पण तीन वर्षांनी गेला असता तर उलटं सांगितलं असतं. लाट आणि प्रवाह यातली आपली रोजची वाटणी विषुववृत्तावर चालत नाही, कारण वर सांगितलं तसं पिरियडला, म्हणजे एकदा पूर्ण झुलायला लागणाऱ्या वेळेला, तिथं मर्यादाच नाही.

दुसरा संबंध म्हणजे या आळशी लाटेला खाऊ घालतात जलद आतल्या लाटा, आठवडे ते दोनेक महिन्यांच्या पिरियडच्या. त्या जन्मतात कशा, तर वरच्या थरात उलटसुलट प्रवाह एकमेकांना घासून डगमगतात, समुद्राच्या पश्चिम काठाला खोल प्रवाह वळणं घेत जातात तिथं भोवरे सुटतात, आणि वारा आहेच. यातून यानाई लाटा खोलात उतरतात. ही लाट विषुववृत्तावर पाणी उत्तर-दक्षिण झुलवते, झोपाळ्यासारखं.

उत्तर-दक्षिण झुलणारी लाट पूर्व-पश्चिम प्रवाहाला जोर कशी देईल? हे पटून नाही राहिलं.

हा प्रश्न एका अकरावीच्या पोरीचा, आणि मला आवडलेला. झोपाळा अगदी सरळ झुलत असेल तर खरंच काही मिळणार नाही. पण जेट आधीपासून थोडासा तिथं आहे, आणि तो त्या झोपाळ्याला वाकवतो, म्हणजे पाणी उत्तर-दक्षिण जाताना जरासं पूर्व-पश्चिमही सरकायला लागतं. हे सरकणं असं जुळून येतं की पूर्वेकडचा संवेग पूर्वेकडच्या जेटमध्ये जमा होतो, पश्चिमेकडचा पश्चिमेकडच्यात. जेट लाटेला वाकवतो, वाकलेली लाट जेटला पोसते, दोघांचं संगनमतच म्हणा ना. कॉम्प्युटर मॉडेलमध्ये आणि समुद्रात रोवलेल्या यंत्रांच्या नोंदीतही हे दिसलंय.

लाटेतून एकाच दिशेचा प्रवाह निघतो यावरच ज्यांचा विश्वास नाही त्यांच्यासाठी प्लंब आणि मॅकइवन यांचा १९७८ चा प्रयोग. गोल कड्यासारख्या टाकीत मिठाच्या पाण्याचे थर, आणि एक लवचिक पडदा फक्त वरखाली, वरखाली. कुणी पाणी ढवळत नाही, टाकीही फिरवत नाही, तरी पाणी टाकीभर गोल फिरायला लागतं, आणि काही वेळानं आपोआप दिशा पालटतं! वातावरणात विषुववृत्तावर वीस-तीस किलोमीटर उंचीवरचे वारे साधारण २८ महिन्यांनी पूर्व-पश्चिम पालटतात त्यामागं हेच तत्त्व आहे. पण एक सावधानता, वातावरणात लाटा जिथं विरघळतात तिथं संवेग सोडतात, समुद्राच्या जेटमध्ये मुख्य काम वाकण्याचं आहे. भावंडं म्हणा, जुळे नका म्हणू.

साडेचार, पाच, बारा वर्षं हे आकडे आले कुठून? गुणाकार करून दाखवता का?

दाखवतो, कागद घ्या. ढोबळ हिशोब आहे, सेंटीमीटर मोजू नका.

विषुववृत्तावर अटलांटिकची रुंदी साधारण ६००० किलोमीटर. केल्विन लाट पश्चिमेकडून पूर्वेला जाते, आफ्रिकेच्या काठाला आपटते, तिथून रॉस्बी लाट होऊन परत येते, आणि तिचा वेग केल्विनच्या एक तृतीयांश. म्हणजे जायला एक भाग वेळ आणि यायला तीन भाग, एकूण चार. फेरा साडेचार वर्षांचा असेल तर केल्विन लाटेला एका बाजूला सव्वा वर्षाच्या आत जायला हवं, त्यासाठी वेग लागतो सेकंदाला सुमारे १७ सेंटीमीटर. तासाला सहाशे मीटर! फुटाळा तलावावर संध्याकाळी फिरणारे आजोबा पण पुढं निघून जातील.

आता हाच वेग हिंद महासागराला लावा, रुंदी ६३०० किलोमीटर धरली की चार भागांची मिळून साडेचार-पाच वर्षं येतात. पॅसिफिक, १६,५०० किलोमीटर, येतात बारा-साडेबारा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा कॅल्क्युलेटर दोनदा पुसून बघितला होता. म्हणजे समुद्र आपल्याच रुंदीनुसार सूर लावून राहिला आहे, तबल्याला शाई असते तशी इथं किनाऱ्यांमधली रुंदी.

ऊर्जा वरून खाली जाते की खालून वर?

इथं हमखास सगळे फसतात, मीही फसलो होतो. पट्टे बघितले तर ते वर्षागणिक खाली सरकताना दिसतात, अटलांटिकमध्ये वर्षाला शंभरेक मीटर. म्हणून वाटतं की ऊर्जा खाली चालली. पण आतल्या लाटांमध्ये उभ्या दिशेनं पट्टे सरकतात एकीकडे आणि ऊर्जा जाते नेमकी उलटीकडे. पट्टे खाली तर ऊर्जा वर.

त्याचा अर्थ खोलातली ऊर्जा पृष्ठभागापर्यंत पोचू शकते. २०११ मध्ये पीटर ब्रांट आणि सोबत्यांनी दाखवलं की अटलांटिकच्या विषुववृत्तावर पृष्ठभागाचं तापमान आणि वारा-पाऊस यांच्यातही तोच साडेचार वर्षांचा फेरा दिसतो. तापमानातला फरक अंशाच्या काही दशांशांइतकाच, पण येतोय हजार मीटर खालून.

मग यावरून नागपूरच्या पावसाचा अंदाज लागेल का?

नाही, तो नाद सोडा. आपला जून-सप्टेंबरचा पाऊस मुख्यतः बंगालच्या उपसागरातून येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर चालतो. उलट्या दिशेचा संबंध मात्र पक्का आहे, म्हणजे मान्सून समुद्राला हलवतो. मान्सूनच्या वाऱ्यात दोन-दोन आठवड्यांचा जो चढउतार असतो (आठ-दहा दिवस झोडपतो मग उघडीप) त्याच तालावर हिंद महासागराच्या विषुववृत्तावर यानाई लाटा उठतात, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं तिथं रोवलेल्या यंत्रांनी हे पकडलं. आणि दोन मान्सूनच्या मधल्या काळात, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, विषुववृत्तावर पूर्वेकडे जोरदार प्रवाह सुटतो त्याला विर्टकी जेट म्हणतात. तो वरच्या थरातला आहे, खोल चवडीत मोजू नका.

लाटा एवढ्या, म्हणजे विषुववृत्तावर पाणी पण खूप घुसळत असेल?

उलट आहे! आतल्या लाटा फुटतात तेव्हा वरखालचं पाणी मिसळतं, आणि जगभरच्या खोल समुद्राला थोडी थोडी उष्णता मिळते ती बरीचशी यामुळंच. भरती-ओहोटी जी सुमारे साडेतीन टेरावॅट (एक टेरावॅट म्हणजे लाख कोटी वॅट) ऊर्जा समुद्रात ओतते त्यातली एक टेरावॅटच्या आसपास खोल समुद्रात खर्च होते, मुख्यतः तळाच्या डोंगरांवर आतल्या लाटा उठवून. पण ग्रेग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मोजून दाखवलं की तेवढ्याच जोराच्या लाटा असतील तर विषुववृत्ताजवळ घुसळण मध्य अक्षांशांच्या एक दशांशापेक्षा कमी. कारण लाटा आपसात भिडून बारीक होत जातात आणि मग फुटतात, ती बारीक होण्याची चाल पृथ्वीच्या फिरण्याच्या परिणामावर अवलंबून आहे आणि विषुववृत्तावर तो शून्याकडे जातो.

अपवाद पण आहेत. अंडरकरंटच्या वरच्या अंगाला थर एकमेकांवर इतक्या जोरात घसरतात की तिथं घुसळण भरपूर. म्हणून "विषुववृत्त शांत" असं सरसकट लिहिलं तर चूक.

हे मोजतात कसं? सॅटेलाईटनं?

सॅटेलाईटला खोलातले जेट दिसत नाहीत. तीन मार्ग आहेत. जहाजातून यंत्र सोडणं, त्याबद्दल वर लिहिलं. दुसरं, तळाला नांगरलेली दोरी आणि तिच्यावर ठिकठिकाणी बांधलेले मापक, ते वर्षभर पाण्यात आणि मग काढायला परत जायचं, दोरी तुटली तर गेलं वर्ष पाण्यात, अक्षरशः. तिसरं आर्गो, जगभर चारेक हजार तरंगते नळकांडे, हजार मीटरवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत जाऊन वर येतात आणि माहिती पाठवतात. आपल्या देशाचे आर्गो हैदराबादची इन्कॉईस ही संस्था सांभाळते. दहा दिवसांत नळकांडं कुठून कुठं सरकलं यावरूनच हजार मीटरवरचा प्रवाह निघतो. याचा आजोबा म्हणजे त्याच स्वॅलोनं १९५५ मध्ये बनवलेला तरंगक, परांचीच्या अॅल्युमिनियम नळ्यांचा. बांधकामाची परांची!

आणि तो कप. यंत्रासोबत जाळीत थर्माकोलचे कप बांधून खाली सोडायची जहाजावरची जुनी हौस आहे. साडेतीन हजार मीटरवर साडेतीनशेपट दाब, त्यातली हवा पिळून निघते, चहाचा कप औषधाच्या झाकणाएवढा होऊन येतो. त्यावर मी पेनानं 'नागपूर' लिहिलं होतं, तेही आक्रसून आलं, आता भिंग लावून वाचावं लागतं.

हवामानाच्या मोठ्या मॉडेलमध्ये हे जेट असतात का?

बहुतेकांत नाही, किंवा फारच फिके. हजार-दोन हजार मीटरवर त्या मॉडेलचा एकेक थरच शंभर-दोनशे मीटर जाड असतो, आणि जेटची एक पूर्ण जोडी काहीशे मीटरची. जाड्या चाळणीनं मैदा चाळल्यासारखं. शिवाय खाऊ घालणाऱ्या यानाई लाटाही नीट उठल्या पाहिजेत, नाहीतर थर बारीक करूनही जेट उपाशीच.

पाणबुडीला यांचा धोका असतो म्हणतात, खरं का?

वर सांगितलेल्या उंच आतल्या लाटांचा असू शकतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाची नांगाला पाणबुडी बाली समुद्रात ५३ जणांसह बुडाली, तेव्हा तिथल्या नौदलाच्या अधिकाऱ्यांनी आतल्या लाटेची शक्यता बोलून दाखवली होती. शक्यता, निकाल नाही. साडेचार वर्षांच्या आळशी जेटचा पाणबुडीला काही त्रास नाही.

घरी काही करून बघता येईल का?

येईल. एक लिटरची पारदर्शक बाटली घ्या, अर्धी पाण्यानं भरा, त्यात बिटाचा रस चार थेंब, वरून सोयाबीन तेल अगदी तोंडापर्यंत, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका नाहीतर मजा जाते. झाकण घट्ट. आडवी धरा आणि एका टोकाला हलकेच वर करून सोडा. लाल आणि पिवळ्याच्या मध्ये लाट किती निवांत जाते ते मोबाईलच्या स्टॉपवॉचनं मोजा, मग नुसत्या अर्ध्या भरलेल्या पाण्याच्या बाटलीत मोजा. माझी भाची पहिल्या बाटलीत फेरे मोजू शकली, दुसरीत तिची मोजणी दर वेळी चुकली.

तेलाऐवजी थोडंसंच मीठ घातलेलं पाणी खाली आणि साधं वर असं केलं तर लाट अजून मंद होते, पण साधं पाणी चमच्याच्या पाठीवरून थेंबाथेंबानं सोडावं लागतं, घाई केली की सगळं एक. विषुववृत्त मात्र बाटलीत येत नाही, त्याला फिरतं टेबल लागतं, आणि ते मी मिक्सरच्या मोटरवर करून बघितलंय, स्वयंपाकघराच्या भिंतीवर बिटाचे डाग अजून आहेत.